एकच जागा होती

शिपाई-चौकीदारांमधून लिपिकपदावर बढती द्यायची होती आणि जागा एकच होती. वाशीमच्या आमच्या कार्यालयात सेवाज्येष्ठता यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. मी मागच्या वर्षीची यादी उघडली, नवीन तारीख घातली आणि साहेबांची सही घेऊन फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी आमच्या एक शिपाईबाई माझ्या टेबलाशी आल्या. त्या रिठदहून रोज एसटीने येत. नोकरी करता करता त्यांनी बारावी केली होती, टायपिंगची परीक्षाही दिली होती.

"बाबूजी, यादीत माही तारीख चुकली," म्हणत त्यांनी पिशवीतून बदलीचा जुना आदेश काढला. "मले मानोऱ्याहून इथं ऑफिसनंच आणलं. मी मागून घेतली नाही बदली. मंग माही नोकरी इथं आल्यापासून काहून धरली?"

त्यांचं बरोबर होतं. प्रशासकीय बदलीने ज्येष्ठता जात नाही. वर्षानुवर्षं ती चूक यादीत चालत आली होती आणि या वेळी ती माझ्या हातून पुढे सरकली होती. मला लाज वाटली. म्हणालो, "हरकतीचा अर्ज द्या. तुमचं नाव पहिलं येते."

त्या गेल्या नाहीत. "अन् चौकीदारकाकाचं? तेही माह्यासारखेच बदलून आले. त्याइची नोकरी माह्याहून जुनी हाय."

मी आवाज खाली आणला. "बाई, त्याइची तारीख दुरुस्त झाली तर ते वर जातीन. जागा एकच हाय. त्याइनं काही हरकत घेतली नाही."

"मले मालूम हाय. पण मले दिसून राह्यलं ना बाबूजी. दिसल्यावर गुपचूप कशी बसू?"

काकांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. ते अर्ज करायला तयारच होईनात. "आता कायले पोरी? घरीच बसाचं हाय."

"हक्काचं हाय काका. कोणाची मेहरबानी नाही," त्या म्हणाल्या. काकांचा अर्ज त्यांनीच लिहिला, सही घेतली आणि दोन्ही अर्ज एकाच वेळी आवक-जावकच्या टेबलावर देऊन पोच घेतली.

पुढे दर सोमवारी त्या जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या दारात उभ्या राहत. भांडण नाही, रडणं नाही. "साहेब, आमच्या अर्जाचं काय झालं?" एवढंच. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "घाई कसली आहे?" त्या शांतपणे बोलल्या, "मले नाही साहेब, काकाले हाय."

यादी दुरुस्त झाली. बढती समितीची बैठक लागली. निवृत्तीला एक महिना बाकी असताना काकांच्या हातात लिपिकपदाचा आदेश आला. त्यांनी तो उभ्यानेच दोनदा वाचला, मग बाईंना वाचायला दिला. 

काका निवृत्त झाल्यावर त्यांची जागा रिकामी झाली, तरी बाईंचा आदेश निघायला आणखी सव्वा वर्ष गेलं. तेवढे दिवस त्या आमच्या टेबलांवर फायली नेऊन ठेवत राहिल्या. मी एकदा विचारलं, "पस्तावा होते काय?"

"कायचा? माहा नंबर दुसराच होता," त्या म्हणाल्या.

आज त्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. आता यादी फलकावर लावण्याआधी मी प्रत्येक शिपायाला बोलावतो आणि सेवापुस्तक उघडून त्याची तारीख त्यालाच तपासायला लावतो. यात दोन दिवस जातात. पहिल्या वर्षी तिघांच्या तारखा चुकलेल्या निघाल्या.