गाडीखालचे पाय

आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला, पण बाकीचा सगळा उभ्यानं नाहीतर बसून. उताणा पडून केलेला एकच, आणि तोही आमच्याच फियाटच्या पोटाखाली. घ्या, चहा घ्या, सांगतो. आमची ही आत आहे, मधे मधे दुरुस्त्या करेल. तिकडे लक्ष देऊ नका.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नेरूळला तेव्हा माणसं कमी आणि विटांचे ढीग जास्त. आमची बिल्डिंग नवीकोरी, चार मजली, आत जेमतेम नऊ बिऱ्हाडं. आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये मोटार एकच. माझी! मोटार म्हणजे काय, ऑफिसातल्या साहेबांनी वापरून वापरून कंटाळून मला दिलेली जुनी फियाट. पण होती ना? रोज सकाळी मी तिला फडका मारायचो आणि हळूच वर बघायचो, गॅलरीतून कोण बघतंय का म्हणून.

कोणी बघत नसायचं, ती गोष्ट वेगळी.

शालूला, म्हणजे बायकोला, तेव्हा सातवा महिना होता. पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी, साताऱ्याला जायचं. तिला एस.टी. अजिबात सोसत नाही. खंडाळ्याचा घाट लागला की एरवीसुद्धा पोटातलं सगळं बाहेर. मग या अवस्थेत काय होणार, सांगा. मी सासऱ्यांना पत्र टाकलं, 'काळजी नसावी, शालूला मी आपल्या गाडीनं घेऊन येतो.' 'आपल्या'खाली मी रेघ मारली होती.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. जन्मभर एस.टी. चालवून रिटायर झालेला माणूस. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, 'रविवारी येऊन गाडी पाहतो. ब्रेक नीट असले तर पोरगी गाडीनं आणू. मात्र जावईबापूंनी स्वतःच्या हातानं काही उघडलं असेल, तर पोरगी एस.टी.नं येईल. बाकी क्षेम.'

शेवटची ओळ कशासाठी? तर पहिल्या दिवाळसणाला मी त्यांचा रेडिओ दुरुस्त केला होता. तो पुन्हा कधी बोलला नाही.

आता असं कार्ड आल्यावर शहाणा माणूस काय करेल? मिस्त्रीकडे जाईल. मीही गेलो. सारसोळ्याचा धर्मा, गावात छपराखाली त्याचं गॅरेज. त्यानं बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाच्या डबीत बोट बुडवलं आणि म्हणाला, "सायेब, ब्रेक आईल पार काला झालाय. बदलायला पायजे. पन आता नाय. घरान भावाची हलद हाय. सोमवारपर्यंत पाना धरनार नाय."

आगरी माणसाच्या घरची हळद म्हणजे काय, ते नेरूळकरांना सांगायला नको. लग्न एक वेळ पुढं ढकलतील, हळद नाही.

पण आबा येणार रविवारी. ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा एक शहाणा म्हणाला, "अरे त्यात काय? जुनं काढायचं, नवं ओतायचं. देवापुढच्या तांब्यातलं पाणी बदलतोस ना, तसं." ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही, त्याचं मी ऐकलं. धर्माकडून पाना मागून आणला, बाजारातून ब्रेक ऑइलचा डबा आणला आणि शनिवारी सकाळी गाडी जॅकवर चढवून खाली विटा रचल्या. विटांना तोटा नव्हताच.

काम असं असतं बघा. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला एक छोटा नट असतो. एकानं आत बसून ब्रेकचं पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून तो नट सैल करायचा. जुनं तेल नळीतून बाटलीत पडतं. वरच्या डबीत नवं ओतत राहायचं. माझी बाटली म्हणजे शालूच्या टॉनिकची रिकामी बाटली, आणि पॅडलवर पाय शालूचा.

"दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला. अहो, हे पॅडल शिऱ्यासारखं मऊ का लागतंय?"

"नवं तेल आहे, मुरायला वेळ लागतो."

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे. तासभर हे चाललं. मधेच ओतताना माझा हात हलला आणि तेल मडगार्डवर सांडलं. मी फडक्यानं पुसलं, तर तेलाबरोबर रंगही आला. शेवटी शालू म्हणाली, "माझी कंबर गेली. तुमचं तेल मुरू द्या, मी वर जाते." आणि गेली.

मी पुन्हा गाडीखाली. चपला घसरत होत्या म्हणून काढून ठेवलेल्या. मी सगळा आत, बाहेर नुसते पाय.

तेवढ्यात कानावर आवाज आला, "काय रं मिस्त्री, धर्मा का तू?"

आबा! रविवारचा माणूस शनिवारी! मागाहून कळलं, की पहाटेच्या एस.टी.वर त्यांचा जुना कंडक्टर होता, बसले आणि आले. शालूच्या पत्रांतून धर्माचं नाव त्यांना ठाऊक होतं.

देवाशप्पथ सांगतो, मी बाहेर येणारच होतो. पण पुढचं वाक्य ऐका. "जावयानं हात तर लावला न्हाई ना गाडीला? खरं सांग. लावला आसंल तर पोरीला यस्टीनंच न्हेतो."

डोळ्यांपुढं घाट आला, शालू आली. मी घसा खाकरला आणि धर्माचा आवाज काढला, "नाय काका. सायेब लांबच असतान गाडीपासून."

"ब्येस. तसाच लांब ठेव त्यास्नी."

मग त्यांनी वर हाक मारली. शालू गॅलरीत आली. "आबा? उद्या येणार होता ना?"

"आलो आजच. जावई कुठं हायत?"

मी गाडीखालून हातातला फडका जरासा हलवला. बायको शहाणी हो माझी. म्हणाली, "भाजी आणायला गेलेत जुईनगरला."

झालं. आता मी भाजीला गेलेलो, आणि गाडीखाली धर्मा. बाहेर येण्याचा रस्ताच बंद.

मला वाटलं, वर जातील, चहा घेतील. छे! पिशवी ठेवली, धोतर सावरलं आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर. "चल, पाय मी देतो. दाबला बघ."

मी नट सैल केला. तेल आलं. "सोडा काका."

"नट आवळलास का?"

"नाय."

"आरं मग सोडू कसा? उघड्या नटावर पाय सोडला, की नळीतनं हवा आत वढतोय त्यो. आदी नट बंद, मग पाय वर. कुनी शिकवलं तुला?"

आणि मला लखकन कळलं. सकाळपासून तासभर आम्ही नवराबायकोंनी त्या गाडीत तेल नाही, हवा भरली होती.

"आनि कुठल्या चाकापास्नं सुरू केलंस?"

"ह्याच. सावली व्हती काका."

"सावली बघून ब्रेक करतोस व्हय? लांबच्या चाकापास्नं यायचं, मागचं डावं पयलं. डबीत तेल हाय का बघितलंस? न्हाई? उठू नगं, मीच बघतो."

खाली उतरून त्यांनी डबी भरली. मडगार्डवरचा डाग दिसलाच. "रंग कुनी उडवला?"

मी म्हणालो, "सायबांनी." काय करणार, खोटं बोलायला काही शिल्लकच नव्हतं.

मी सरपटत मागच्या चाकाशी गेलो. पाय पुन्हा बाहेर. इतक्यात सायकलची घंटी वाजली. चाकाआडून बघतो तर गालाला हळद फासलेला खरा धर्मा!

"सायेब हायत का? रातच्याला हलदीला यायचा हाय, ता सांगायला आलू. मी धर्मा."

आबा सीटवरून वाकले. "तू धर्मा? मग खाली कोन हाय?"

धर्मा खाली वाकला. मी दोन्ही हात जोडले, तेलकट. त्यानं माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. माणूस हुशार, पण त्या घटकेला त्याला एकच नातं सुचलं. "माजा भाव हाय. धाकला."

"ज्याची हळद हाय त्यो?"

धर्माला एकच भाऊ. "हा... त्योच."

"आरं देवा, हळदीच्या नवरदेवाला गाडीखाली घातलंस?"

"काय करू काका, ऐकतच नाय. डोक्यान जरा कमी हाय, पन प्रामानिक हाय."

असं म्हणून धर्मा सायकलवर टांग टाकून पसार. पुढं अर्धा तास आबा पॅडल दाबत होते आणि नवरदेवाला संसाराचा उपदेश करत होते. "बायकोचं ऐकत जा, पोरा. दाबला. आमचं जावई बघ, मानूस वाईट न्हाई, पन कुनाचं ऐकत न्हाई. आवळ नट. पत्रात 'आपल्या गाडीनं' म्हून रेघ मारत्यात. सोडला. आरं रेघंनं गाडी थांबती व्हय? पोरीचा जीव हाय त्यात माझ्या."

हे शेवटचं ऐकून खाली मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू? नट मात्र मी घट्ट आवळला.

चारही चाकं झाली. पॅडल दगडासारखं कडक. आबा वर गेले. मी टाकीच्या नळाखाली रॉकेलनं हातपाय घासले, शालूनं गॅलरीतून सदरा टाकला, आणि विटांच्या ढिगापलीकडे बसणाऱ्या भाजीवालीकडून दोन जुड्या मेथी घेऊन मी घामाघूम होत घरात शिरलो.

"या जावईबापू. लय लांब गेला हुता."

"हो ना आबा, इथं काही मिळत नाही."

आबा जेवताना म्हणाले, "तुमच्या मिस्त्रीचा भाव बरा हाय. ठोंब्या हाय, पर सांगंल तसं करतो." शालूला जोराचा ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पुढं जिथं पामबीच रोड झाला, तिथल्या तेव्हाच्या खडीच्या रस्त्यावर गाडी दोन वेळा पळवून, दोन वेळा जागच्या जागी थांबवली. "पोरगी गाडीनं जाईल," म्हणाले. शालूचा चेहरा असा फुलला, की मला सगळं भरून पावलं.

सामान चढवलं. निघताना मी आबांना वाकून नमस्कार केला.

"आसू द्या," आबा म्हणाले. "पायाचा इषय निघालाच हाय तर सांगतो. लग्नात तुमचं पाय मी ताम्हनात धुतल्यात, जावईबापू. ह्या हातांनी. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढल्याली. तवाच आमच्या मंडळीस्नी म्हनलं हुतं, पोराचं एक बोट जाग्यावर न्हाई, संभाळून घ्यावं लागंल."

मी वाकलेला तसाच राहिलो. वर बघायची सोय नव्हती आणि खाली माझेच पाय.

"मग... मग आबा, काल बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तुमी भाईर आला आसता. भाईर आलं की झालात जावई. जावयाला शिकवायची सोय आसती व्हय आमाला? मिस्त्री बरा. चार शब्द ऐकतो, आनि नट आवळतो."

आणि त्यांनी हात पुढं केला. "किल्ली."

मी मुकाट्यानं दिली. शालू पुढच्या सीटवर आधीच बसली होती. आबांनी मागचं दार उघडून धरलं, "मिस्त्री मागं बसतोय."

साताऱ्यापर्यंत मी मागच्या सीटवर, एका बाजूला गादीची वळकटी, मांडीवर लोणच्याची बरणी. घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक आला. आबांनी ब्रेक दाबला. गाडी अलगद, लोणच्याचं तेलसुद्धा न हिंदकळता, जागच्या जागी उभी राहिली. शालूनं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

आबा आरशातून मागं बघत म्हणाले, "ब्रेक झ्याक झाल्यात. धर्माच्या भावाला सांगा."

आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सांगतू ना, काका."