घरच्या बोलीचं कुलूप

आमच्या गावचा ई-मेलचा एक ग्रुप होता. कुवेतला, कॅनडाला पांगलेली आणि वसईतच राहिलेली मिळून चाळीसेक माणसं. कोणाची विहीर आटली, कोणाकडे साखरपुडा ठरला, सगळं घरच्या बोलीत, पण इंग्रजी अक्षरांत. नवरा कुवेतला, मी सासरी. दर शनिवारी माणिकपूरला दुसऱ्या मजल्यावरच्या सायबर कॅफेत पडद्याआड बसून मी ती पत्रं वाचायचे. तेवढा एक तास माझा. त्याची आठवण आली की अजून हरखायला होतं.

ग्रुप चालवणाऱ्या मास्तरांनी जुनी पत्रं इंटरनेटवर सगळ्यांना उघडी ठेवली होती. दिवसा पुढचं दार लावायची आमच्यात पद्धतच नाही. "आपली बोली बाहेर कळतेय कोणाला?" असं ते म्हणत, आणि आम्ही शहाणे माना डोलवत असू. ती कळणारी माणसं म्हणजे आपलीच पोरंबाळं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तिथेच मी एकदा लिहिलं होतं, 'दिवस गेलेत. हे मूल मला आत्ता नको आहे. सुकेळी खावीशी वाटतात, पण मागू कोणाकडे?' नवरा सुट्टी संपवून कुवेतला परतला होता, ग्रुपात तो नव्हता. बाकीच्यांनी ते पोटात ठेवलं, सासूच्या कानावर एक शब्द गेला नाही. उलट पुढच्या आठवड्यात कोणीतरी सुकेळ्यांची पुडी गुपचूप माझ्या माहेरी पोचवली.

गेल्या महिन्यात मी आणि लेक अंगणात सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलत होतो. किती दिवस वाळवायची, हे मला आठवेना. तिने बोलीतच मोबाइलवर विचारलं. त्या बोलीतलं इंटरनेटवर दुसरं आहेच काय? माझंच ते पत्र वर आलं, खाली नाव-तारखेसकट.

चाळीस जणांनी जपलेलं असं उघड्यावर आलं. पुसायची सोय नाही. मास्तर गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला.

"मम्मी, मी नको होते तुला?"

थाप मारणार होते. जीभ रेटली नाही. "तेव्हा नको होतीस. घाबरले होते गं. मग तू पोटात हललीस, आणि मी एकटीच हसत बसले."

"ते लिहिलंस का कुठे?"

"नाही. जिने चढवत नव्हते, कॅफे सुटला होता."

तिने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि पुढचं केळं हातात घेतलं.

"मग आता सांग."