काकांच्या खोलीतली पायरी

दोन हजार सालाच्या आसपास मी मनवेलपाड्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते आणि वसई पूर्वेच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात जात होते. ऑर्डर आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत काय काय होतं ते समजून घ्यायचं आणि सगळं कॉम्प्युटरवर बसवायचं, हे माझं काम. त्यासाठी कुणाच्या ना कुणाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी बसले की गप्पा थांबायच्या.

"आमच्यातल्या कुणाकुणाला घरी बसवणार, मॅडम?" डिस्पॅचच्या बाईंनी एकदा विचारलं. बाकीचे हसले, त्या हसल्या नाहीत. डबा मी एकटीच खायचे.

माल निघण्याआधी प्रत्येक ऑर्डरचा कागद मागच्या खोलीत जायचा. तिथे मालकांचे वडील बसत. सांडोरची केळीची वाडी सांभाळत त्यांनी हा कारखाना उभा केला होता. सगळे त्यांना काका म्हणत. ते नुसती सही करत. कागद कधी अडवत नसत. नव्या आराखड्यात मी सहीची ती पायरी काढून टाकली. मालकांना आराखडा पटला. "बाबांना मात्र तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

काकांनी आराखड्यातल्या चौकोनांवरून बोट फिरवलं. "यात मी कुठाय?"

"तुमचा त्रास वाचवला, काका."

"त्रास कसला? ही गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. इथे सहीच्या निमित्ताने चार माणसं येतात, बसतात."

सही ठेवली असती तरी ती आता कॉम्प्युटरच्या पडद्यावरच झाली असती. कुणी खोलीपर्यंत आलं नसतं. शेवटी मी विचारलं, "बिजागरी चांगली झालीय हे कसं कळतं?"

"हातात घेऊन. उघडझाप केली की बोटांना कळतं."

मग मी नवी पायरी घातली. प्रत्येक ऑर्डरमधली एक बिजागरी काकांना नेऊन दाखवायची. ते हो म्हणाले की मगच कॉम्प्युटर मालासोबत जायचं चलन काढणार. मालक जरा कुरकुरले, मग म्हणाले, "राहू दे."

काम संपलं. पुढे कधीतरी एका दुरुस्तीसाठी गेले, तर मागच्या खोलीतून हसणं ऐकू येत होतं. डिस्पॅचच्या बाई बिजागरी टेबलावर ठेवून काकांना मुलीच्या लग्नाचं सांगत होत्या. मी दारात उभी राहिले.

"कोण पाहिजे?" काकांनी विचारलं.

"त्या कॉम्प्युटरच्या मॅडम," बाई म्हणाल्या.

"हो का? बरं, बरं." काका पुन्हा त्यांच्याकडे वळले. "हं, मग मुलाकडचे काय म्हणाले?"

मी दुरुस्ती केली आणि रिक्षा पकडली. बरं वाटत होतं. ते सांगायला मात्र घरी कुणी नव्हतं.