कौलांच्या आतल्या अंगाला

क्योतोच्या उत्तर टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, हिवाळ्यातलं निस्तेज ऊन एका लहानशा अँग्लिकन चर्चच्या करड्या कौलांवर पसरलेलं मी पाहिलं, तेव्हा ते मला चर्च वाटलंच नाही. शिखरावर क्रूस, पण खालचं छप्पर थेट बौद्ध मंदिराचं; जोडे बाहेर काढून आत जायचं, आणि आत जुन्या लाकडाचा नि मेणाचा मंद, संमिश्र गंध. परक्या देशातली एखादी वास्तू पहिल्याच भेटीत आपलीशी का वाटावी?

आणि मी तर तिथे गेले होते तिचे दोष काढायला! दोन हजार अकरा सालच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. क्योतोला झळ लागली नव्हती, तरी जुन्या इमारतींची धास्ती सगळ्यांनीच घेतली होती. आणि मी इथल्या विद्यापीठात नेमका लाकडी इमारती भूकंपात कशा डोलतात याचाच अभ्यास करत होते. चर्चच्या पाळकांनी विनंती केली, आमच्या प्राध्यापकांनी मला धाडलं. दोन आठवडे मोजमापं घेतली. निष्कर्ष सरळ होता: भिंती अशक्त, माथा जड. कौलं उतरवून पत्र्याचं हलकं छप्पर घालावं लागणार होतं.

चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या मोरिता-साननी नाही. पंचाऐंशीच्या मोरिता-सान, आपल्याकडच्या भाषेत मोरिताबाई, त्या मंडळीतल्या सर्वांत वृद्ध. चर्चची जन्मकथा मला त्यांनीच सांगितली. आरंभी एक इंग्रज शिक्षिका, तोफूच्या दुकानावरची भाड्याची खोली आणि विणकरांच्या घरातल्या सात-आठ बायका, एवढाच सारा संसार. पुढे जागा मिळाली तेव्हा मंदिरं बांधणाऱ्या सुतारालाच बोलावलं, कारण दुसरा आणायचा कुठून? त्याच्याबरोबर मंदिराची रीतही आली: ज्याला जमेल त्याने एक कौल द्यावं, आणि त्याच्या आतल्या अंगाला शाईने आपलं नाव नि मनातली इच्छा लिहावी. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं. पंखा फिरेपर्यंत ते वाचावंच लागतं. इथे मात्र कौल छपरावर चढलं की नाव कायमचं दृष्टीआड. कुणाला दिसू नये अशा बेताने दिलेलं देणं मला तरी आजवर ठाऊक नव्हतं.

मोरिता-सानची आई त्या सात-आठ जणींपैकी एक. बाप्तिस्मा घेतला म्हणून तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं, ते अखेरच्या श्वासापर्यंत. चर्च उभं राहत होतं तेव्हा मोरिता-सान आईच्या पोटात होत्या.

"आजोबांनी दार लावून घेतलं, तेव्हा आईला हेच छप्पर होतं," त्या मला म्हणाल्या. "तिचं कौल आहे वर. ते तुम्ही उतरवणार?"

अहवाल मी बदलला नाही; त्या जड माथ्याखाली दर रविवारी त्याच तर बसत होत्या.

मे महिन्यात कौलं उतरली. अंगणात ती पालथी मांडली होती आणि पाळक एकेक नाव वाचत चालले होते. आईचं कौल सापडलं. मोरिता-साननी ते पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं. पुढच्या रांगेत पाळक थबकले. त्यांनी वाचलेलं नाव मोरिता-सानच्या आजोबांचं होतं, आणि त्याखाली एकच ओळ होती: मुलीचं बाळंतपण सुखरूप होवो.

ते कुणाच्या हाती पाठवलं असेल? की ते स्वतः येऊन गेले, आणि सुताराला गप्प राहायला सांगून गेले? हे सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही. त्या मुलीला, मोरिता-सानच्या आईला, तर ते कधी कळलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मोरिता-साननी त्या ओळीवरून हात फिरवला. आजोबांची समाधी डोंगरापलीकडच्या गावातल्या मंदिरात आहे; आई कधी गेली नाही म्हणून त्याही गेल्या नव्हत्या. मग त्यांनी ते कौल रुमालात बांधलं आणि मला विचारलं, "तिकडची बस किती वाजता आहे?"

दोन वाजून दहाची होती. कौल जड होतं, तरी त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. थांब्याजवळच्या दुकानात आम्ही फुलं घेतली.