थोरलीचा नारळ

मिरकरवाड्याच्या बंदरात महिपतला ओळखत नाही असा माणूस त्या काळात सापडला नसता. मासेमारीत त्याचं नाव फार मोठं होतं असं नाही. जाळं टाकण्यात तो चारचौघांसारखाच. पण मुंबईच्या पाहुण्यांना समुद्रात नेऊन देवमासा दाखवायचा उद्योग तिथे पहिल्यांदा त्याने केला. त्र्याऐंशीच्या सुमारास चारुदत्त वकिलांच्या आंब्याच्या बागेत कुणी पाहुणे उतरले होते. आपल्या समुद्रात देवमासा खरंच असतो का, यावर त्यांच्यात वाद जुंपला, आणि वकील सगळ्यांना घेऊन थेट महिपतच्या होडीवर आले. बोलाफुलाला गाठ पडली आणि त्याच दिवशी देवमासा दिसला. मग काय, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पाहुणे महिपतचं घर विचारत यायला लागले.

त्याचे नियम पाहुण्यांना जाचायचे. देवमासा वर आला की इंजिन बंद. ओरडायचं नाही, त्याच्या मागे लागायचं नाही, आणि बोट तर मुळीच दाखवायचं नाही. कोवळ्या कोहळ्यालासुद्धा बोट दाखवलं तर तो कुजतो, मग हा तर देव. दाखवायचंच तर सबंध तळहाताने. मुंबईच्या बायका हसायच्या, पण तळहात पुढे करायच्या. शेवटी हळदकुंकू लावलेला नारळ महिपत पाण्यात सोडायचा. आणि देवमासा नाही आला तर मान खाली घालून सरळ सांगायचा, "नाय आला आज. देव काय दावणीला बांधलेला नाय." लाटेलाच देवमाशाची पाठ म्हणून खपवणारे पुढे पुष्कळ निघाले. महिपतने पाहुण्यांशी ते कधी केलं नाही.

संध्याकाळी घरी आला की बायको गोदा विचारायची, "आज कसा व्हता?" मग चुलीपुढे बसून तो सगळं सांगायचा. आधी वास येतो, कुजक्या मासळीचा. मग लोहाराच्या भात्यासारखा श्वास ऐकू येतो आणि अंगावर तुषार उडतात. मग पाठ वर येते, ती संपता संपत नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी गोदा ऐकत राहायची. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "मला कदी न्याल?"

महिपत हसून उठायचा. त्यांच्या घरात एक रिवाज होता. नवी होडी पाण्यात लोटायची तेव्हा घरच्या सुनेने वाळूत उभं राहून तिची ओटी भरायची, आणि जिने ओटी भरली तिने त्या होडीत कधी पाय ठेवायचा नाही. ठेवला तर दोघींतल्या एकीला दर्या ठेवून घेतो, असं महिपतचे वडील आप्पा सांगत. आप्पा गेले, रिवाज राहिला. या होडीची ओटी गोदानेच भरली होती. होडीला ती 'धाकटी' म्हणायची. "मी थोरली, चुलीपुढं. ती धाकटी, दिवसभर तुमच्यासंगती." पोरबाळ नसलेल्या घरात नवराबायकोची ही एक चेष्टा होती. परक्या बायकांना हात देऊन होडीत चढवणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला काठावर ठेवत होता, आणि त्यात काही चुकतंय असं त्याला वर्षानुवर्षं वाटलं नाही.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात गोदाचा हात चुलीवरच्या भांड्याला चुकायला लागला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही आणि राहिलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. घरी परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अवो, मला दुसरं काय बघायचं नाय. तेवढा देव दाखवा."

"दिवाळी होऊंदे गो. नेतंय मी," महिपत म्हणाला. त्या वेळी ते त्याने मनापासूनच म्हटलं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती खरोखर बंदरावर आली. लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती. महिपतने धाकटी काठाला लावली, हात पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या होडीवरून कुणीतरी बोललं, "महिपत, आप्पा असते तर?" पुढे केलेला हात तसाच राहिला. त्यात वकील पाहुण्यांना घेऊन उतरले. महिपतला बुडत्याला काडी सापडावी तसं झालं. "उद्या जाऊ गो," तो म्हणाला, "आज ही माणसं आलीत."

गोदाने बाजूला होऊन पाहुण्यांना वाट दिली.

त्या दिवशी देवमासा होडीच्या अगदी कुशीत आला. तिथेच तो कलंडला, आणि पाण्यातून त्याचा डोळा वर बघताना दिसला. म्हाताऱ्या माणसासारखा शांत डोळा. इतक्या वर्षांत महिपतने तसं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी परत आला तर गोदा तिथेच उभी होती, लुगड्याला चिखल लागू नये म्हणून काठ वर धरून. "आला व्हता?" तिने विचारलं. तो "आला व्हता" म्हणाला. पण त्या डोळ्याविषयी त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून अक्षर निघालं नाही.

महिपतचा तो 'उद्या' काही उगवला नाही. आधी वारा सुटला, मग इंजिन बिघडलं, मग आप्पांचा शब्द पुन्हा मनात येऊन बसला, आणि असं करता करता शिमगा उलटला. पुढच्या पावसाळ्यात गोदाला दारातून येणारा उजेडही कळेनासा झाला.

तेव्हा कुठे महिपतने रिवाज गुंडाळून ठेवला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो हा असा. दिवाळी होताच सगळ्या बंदरादेखत त्याने तिला हाताला धरून धाकटीत बसवलं. कोण काय बोललं ते त्याने ऐकलं नाही. गोदाने आत पाय ठेवण्याआधी होडीच्या फळीला हात लावून नमस्कार केला. मांडीवर नारळ घेऊन ती समुद्राकडे तोंड करून बसली, डोळे उघडे ठेवून.

दुपारपर्यंत तो हिंडला. जिथे म्हणून पूर्वी देवमासा दिसला होता तिथे तिथे इंजिन बंद करून थांबला. काही नाही. ऊन तापलं, गोदाचे ओठ सुकले, पण ती परत चला म्हणेना. तिचा तो वाट बघणारा चेहरा महिपतला सोसेना. ज्याने पाहुण्यांशी कधी लबाडी केली नव्हती, त्याने बायकोचा तळहात हातात घेतला आणि रिकाम्या पाण्यावर धरला.

"आला गो. हा बघ, हिकडं."

"केवढा हाय?"

मग महिपतने त्या दिवशीचा देवमासा तिला सांगितला. कसा कुशीत आला, कसा कलंडला, डोळा कसा होता. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. "वारा उलटा हाय," तो न विचारताच म्हणाला, "म्हणून वास येत नाय."

"आसंल," गोदा म्हणाली. तिने हात जोडले.

"नारळ सोड," तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहवेना म्हणून इंजिन सुरू करायला वाकला.

दोन दिवसांनी घरात देवाच्या फळीवर त्याला तो नारळ दिसला. हळदकुंकू तसंच होतं. तो नारळ हातात घेऊन उभा आहे हे गोदाला पावलांवरून कळलं. "तो आलाच नव्हता ना," ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. "ज्याचा नारळ त्याला. आला की देईन." थोड्या वेळाने सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मला तवाच न्यायला हवं व्हतं वो." एवढंच. त्याआधी नाही आणि त्यानंतरही कधी नाही. महिपतला वाटलं, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने तिला पुन्हा नेऊन पाहिलं. देव आला नाही. मग तीच म्हणाली, "आता पुरे. तुमचा जीव कासावीस होतो, ता मला आयकू येतं."

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात वकील पुन्हा पाहुणे घेऊन आले, पोटासाठी महिपत निघाला. दीपस्तंभ मागे पडला आणि तो वास आला. पाठोपाठ भाता फुंकावा तसा श्वास, आणि तुषारांनी महिपतचा सदरा भिजला. देवमासा होडीला लागून कलंडला. पाहुण्यांनी गुपचूप तळहात पुढे केले. एक बाई हळूच म्हणाली, "नारळ सोडता ना तुम्ही?"

"नारळ घरी हाय," महिपत म्हणाला. गोदाचा नारळ फळीवर असताना दुसरा घ्यायला त्याचा हात धजला नव्हता. तो सुकाणू धरून रडायला लागला, बाप्या माणसाने चारचौघांत रडू नये तसा. "फार भाविक माणूस हो," वकील पाहुण्यांना म्हणाले.

घरी आला तेव्हा गोदा ओट्यावर बसली होती.

"आला व्हता?"

"नाय आला," महिपत म्हणाला. आयुष्यातलं दुसरं खोटं. सदरा काढून वळणीवर टाकून तो विहिरीवर गेला.

अंग धुऊन परतला आणि दारातच थांबला. वळणीवरचा सदरा गोदाने चाचपून काढला होता, आणि दोन्ही हातांनी नाकाशी धरला होता. कितीतरी वेळ ती तशीच बसून होती. मग उठली, भिंतीला धरून देवाच्या फळीपाशी गेली, नारळ काढला. आतलं पाणी आटून खोबरं सुटलं होतं, ते वाजलं. सदरा जमिनीवर नीट पसरून तिने नारळ त्यावर ठेवला, आणि हात जोडून डोळे मिटले.