म्हातारा कावून पडला?

"कावून आलीस गं परत?" दारात काठी आडवी धरून ती म्हातारी विचारायची. कावून म्हणजे का. बस नाही, चहा नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या दारात जायच्या आधीच आपला रक्तदाब वाढतो. माझा तरी वाढायचा, आणि काम म्हणाल तर दुसऱ्यांचा मोजायचं!

लकवा कशाने होतो, म्हातारपणी भ्रम का होतो, याचा अभ्यास आमच्या दवाखान्याने सिरसाळ्याच्या बाजूच्या गावांत हाती घेतला होता. दरसाल त्याच माणसांकडे जायचं, दंडाला पट्टा बांधायचा, रक्त घ्यायचं. अख्खं गाव हात पुढे करायचं. ही बया सोडून.

"रगत नेता, देता काय? टँकर तरी आना!" एकदा तर चार बायांदेखत तिने माझी पिशवी अंगणात भिरकावली. मीही घाटनांदूरची, ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "हौस म्हणून येत नाही मी, मावशी. नोकरी आहे."

"मंग आधी सांग, माझा म्हातारा कावून पडला?"

म्हातारा गावच्या दूध सोसायटीत माप घ्यायचा. आमच्याच अभ्यासातला. गोड माणूस; हिच्याशी संसार केला, यातच सगळं आलं. दुष्काळात सोसायटी बंद पडली, जनावरं चारा छावणीला गेली, आणि त्याच उन्हाळ्यात तो लकव्याने पडला तो उठलाच नाही. मी दरवर्षी सांगायचे, "अभ्यास चालू आहे, मावशी." ती म्हणायची, "आग लागो तुझ्या अभ्यासाला."

मला तिचा राग यायचा, चांगलाच यायचा. एका वर्षी तर ठरवूनच गेले, की हिचं नाव यादीतून कायमचं काढून टाकायचं. त्या दिवशी तिने काठी बाजूला ठेवली आणि उंबऱ्यावर बसली.

"तुमच्या त्या बीपीच्या गोळीनं त्याला लई लघवी व्हायची. घशाला कोरड पडायची. सारखा रांजनाकडं पळायचा. टँकरचा भरोसा न्हाई. म्या म्हनलं, पानी कुठून आनू? बंद कर ती गोळी. केली त्यानं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोळी सोडली म्हनून पडला का गं?"

काय सांगणार, कपाळ? गोळी सोडली की धोका वाढतो, हे मला ठाऊक. पण हजार माणसांचं सांगता येतं, एकट्या म्हाताऱ्याचं नाही. मी तेच म्हटलं.

"मंग कशाला येता मरायला?" ती ओरडली, आणि पहिल्यांदाच तिने दंड पुढे केला. रक्तदाब नको तितका वर. मी गोळ्या दिल्या, तर तिने त्या माझ्याच पिशवीत कोंबल्या. "त्याला खाऊ दिल्या न्हाईत. आता म्या कोन्त्या तोंडानं खाऊ?"

पुढच्या उन्हाळ्यात तीही पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी खाटेशी बसले, तरी तिच्या कपाळावर आठी होतीच. तिचा तो लुळा हात हातात घेऊन मी म्हटलं, "तुमच्यामुळं नाही पडले ते, मावशी. अभ्यासात कळलं."

साफ खोटं. ती टक लावून माझ्याकडे पाहत राहिली. मग डाव्या हाताने तिने आपला उजवा हात माझ्या हातातून काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.