शेजारच्या आजोबांच्या वडिलांचे बूट

न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोत आमच्या शेजारी एक इंग्रज आजोबा एकटे राहत. त्यांचे वडील दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये पगारी फुटबॉलपटू होते. हे मला कळायला दोन वर्षं लागली, कारण मी कुंपणापाशी 'हाय' म्हणून घरात पळायचे. पुण्याहून आईबरोबर सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना ते आठवड्याभरात कळलं.

बाबांचा पहिला प्रश्न, गोल किती केले? एकही नाही. ते मागे उभं राहून दुसऱ्यांचे गोल अडवायचे, तेही तळाच्या डिव्हिजनमध्ये. उन्हाळ्यात क्लब पगार द्यायचा नाही, तेव्हा बिअरची पिंपं उचलायचे. मग गुडघा गेला आणि ते न्यूझीलंडला आले. "म्हणजे आमच्या बँकेच्या क्रिकेट टीमसारखंच," बाबा मला मराठीत म्हणाले. मी भाषांतर टाळलं.

आजोबांना एकच हवं होतं: वडिलांचे बूट इथल्या फुटबॉल क्लबच्या काचेच्या कपाटात लागावेत. क्लबवाल्यांना असल्या खेळाडूत रस नव्हता. पण बुटांवर शेवटच्या मॅचचा चिखल अजून तसाच आहे असं आजोबांनी सांगितल्यावर ते शनिवारी बघायला येणार होते. शुक्रवारी दसरा होता. बाबांनी आदल्या संध्याकाळी ते बूट हौसेने पूजेसाठी मागून आणले.

"अहो, देवापुढे पायताण?" आई म्हणाली.

"पायताण कसलं? त्या माणसाचं हत्यार आहे ते. लेकीचा लॅपटॉप चालतो ना तुला?"

आई जरा विचार करून बरं म्हणाली. सकाळी मी उठून बघते तर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी बूट चकाकत होते. आईने भांड्यांच्या ब्रशने घासलेले, खोबरेल चोळलेले, वर ठसठशीत हळदकुंकू.

चिखलाचं महत्त्व माझ्याकडून ऐकल्यावर बाबा बाथरूममध्ये जाऊन बसले. माझं इंग्रजी चांगलं म्हणून सांगायचं काम माझ्यावर आलं. इंग्रजी माध्यमाची फी अशी वसूल होते. आजोबांच्या दारात उभं राहून मी एका दमात सांगितलं की माझ्या आईने तुमच्या वडिलांचा चिखल धुऊन टाकला.

आजोबांनी माझ्या हातातले बूट घेऊन उलटेसुलटे करून बघितले.

"बटाट्यांची माती होती ती," ते म्हणाले. "शेवटच्या मॅचला त्यांना घेतलंच नव्हतं. हे बूट घालून ते परसात खणायचे." मग एकदम त्यांना शनिवार आठवला. "पण आता ते लोक उद्या बघणार काय?"

शनिवारी आईने श्रीखंडाची वाटी देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. क्लबचे दोघं आले होते, एक जण तर जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत. आजोबांनी चिखल धुतला गेल्याचं सांगून टाकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते उठायच्या बेतात आले. जाता जाता जँडलवाल्याने एक बूट खिडकीपाशी उजेडात धरला. पुढच्या टोकाला, तेलाबरोबर चामड्यात मुरलेला तांबडा डाग होता.

"हे रक्त आहे?" त्याने हळूच विचारलं.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

"ते निघत नाही," मी म्हणाले.

आणि खरंच निघत नाही. बूट आता क्लबच्या कपाटात आहेत, डाग लोकांना दिसेल असे ठेवलेले. आईला दाखवायला नेलं, तेव्हा ती चपला बाहेर काढून आत गेली.